वडिलांना फॅब्री आजार आहे. मुलीला वयानुसार काय त्रास होऊ शकतो?

फॅब्री म्हणजे एका एन्झाइमच्या (अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए) जनुकातला दोष; त्यामुळे शरीरात एक प्रकारची चरबी साचत जाते. वडिलांना फॅब्री म्हणजे तो दोष तुमच्याकडे आलेलाच आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बापाचा एक्स प्रत्येक मुलीकडे जातो. ‘बायका फक्त वाहक, त्यांना त्रास नाही’ हे आता कुणी मानत नाही. लहानपणी हातापायांची आग, घाम कमी. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माझ्या आत्याचे हाल व्हायचे आणि घरचे म्हणायचे, ‘उष्णता झालीय, सब्जा पी’! तिशी-चाळिशीत लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात, पुढे हृदयाची भिंत जाड होते, ठोके अनियमित होतात, पक्षाघातही होऊ शकतो. हे पुरुषांपेक्षा साधारण १० वर्षं उशिरा, आणि सख्ख्या बहिणींतही सारखं नाही. बायकांत रक्तातलं हे एन्झाइम नॉर्मल येऊ शकतं, म्हणून जनुक चाचणीच करा. लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्तचाचणी), ईसीजी, इको दरवर्षी.