खाटेखालून बाहेर न येणारा ससा: मागचं सोडा, आधी लेंड्या बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. ओळखीच्या कुटुंबाची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपला पांढरा ससा तुमच्याकडे दिला. त्यांनाही तो दुसऱ्याच कुणी दिलेला. वय माहीत नाही, ‘बहुतेक नर’, आणि खाण्याबद्दल ‘सगळं खातो’ एवढीच माहिती. चार दिवस तो खाटेखाली बसून आहे, हात पुढे केला की मागचा पाय आपटतो. पूर्वी त्याला कुणी मारलं असेल का, आणि आता त्याचा विश्वास कसा मिळवायचा, असं तुम्ही विचारलंय.

मारलं असेल की नसेल हे कळायला मार्ग नाही, आणि कळलं तरी तुमचं उद्याचं काम बदलत नाही. नव्या घरात ससा चार दिवस काय, पंधरा दिवसही लपून बसतो. ज्याला सगळेच खातात त्या प्राण्याची ही साधी अक्कल आहे. पाय आपटणं म्हणजे राग नव्हे, ‘धोका आहे’ अशी हाळी आहे. विश्वासाचं नंतर बघू. उद्या सकाळी लांब दांड्याच्या झाडूने खाटेखालच्या लेंड्या हळूच बाहेर ओढा आणि वर्तमानपत्रावर पसरून बघा. सशाचा बोलता-सांगता येणारा इतिहास तेवढाच.

चांगली लेंडी वाटाण्यापेक्षा जरा लहान, गोल आणि सुकी असते. बोटांत चुरडली तर आत गवताचा भुसाच दिसतो. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे टाकतो, त्यामुळे ‘बाई गं, केवढ्या या’ असं वाटलं तर खूश व्हा. बारीक, काळपट, वेड्यावाकड्या लेंड्या म्हणजे खाणं कमी पडतंय किंवा भीतीने पोट मंदावलंय. केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसल्या तर तो केस गाळतोय आणि चाटताना गिळतोय, गवत वाढवा. तिसरा प्रकार मऊ, चकचकीत, काळ्या द्राक्षांच्या लहान घोसासारखा. तो ससा थेट खाली तोंड घालून खातो, कारण त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. किळस करू नका, अडवू तर मुळीच नका. पण असे घोस जमिनीवर नुसतेच पडलेले दिसायला लागले तर गोड किंवा पिठूळ खाणं जास्त होतंय.

आणि लेंड्याच नाहीत, खाणंही नाही, असे दहा-बारा तास गेले तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘रात्रभर बघू’ म्हणायचं नाही. सशाला उलटी होत नाही. आतडं थांबलं की आत वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. अंगाची गाठोडी करून कोपऱ्यात बसलाय आणि दात करकर वाजवतोय, तर तो शांत बसलेला नाही, त्याला वेदना होताहेत. (कुरवाळताना अगदी हलका दातांचा आवाज येतो तो सुखाचा. फरक एकदा ऐकला की कळतो.)

हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी फोंड्याला राहते. आमचा ससा मे महिन्यात बियरच्या खोक्यातून आला. हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलाचं शिक्षण संपलं, गावी नेता येईना. ‘काकी, नर आहे, सहा महिन्यांचा, गाजर फार आवडतं,’ असं सांगून तो गेला. मुलीने नाव ठेवलं बाबू. एकोणिसाव्या दिवशी बघते तर बाबू स्वतःच्या छातीचे केस तोंडाने उपटतोय आणि तोंडात तणाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, काडी आडवी धरून जिन्याखाली ये-जा करतोय. मला वाटलं खरूज. सासूबाई डिचोलीच्या, गुराढोरांच्या घरातल्या. त्यांनी चष्मा वर करून एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, “अगो, हो बाबू न्हय, ही बाय!” दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्याखाली, केस आणि तण यांच्या उबदार वाटीत, बोटाएवढी गुलाबी पाच पिल्लं वळवळत होती. मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, हो, मित्राच्या सशाबरोबर अधूनमधून खेळायला सोडायचो.

म्हणून तुमच्या ‘बहुतेक नर’मधल्या ‘बहुतेक’वर माझी नजर आहे. लहान वयात ओळखणं अवघड असतं आणि पाळणारे सर्रास चुकतात. सशाचा गर्भ साधारण तीस-एकतीस दिवसांचा. तेव्हा तुमच्याकडे आल्यापासून महिनाभर, कोपऱ्यात एक पेटी आणि थोडं तण ठेवून द्या. पिल्लं झालीच तर आई दिवसातून एक-दोनदाच, तीही पाच मिनिटं, पाजायला येते. बाकी वेळ ती लांब बसते, म्हणून तिने टाकलं असं समजून दूध पाजायला धावू नका. पोटं गोल आणि अंगं गरम असतील तर सगळं ठीक आहे. आणि दुसरा ससा सोबतीला आणायची घाई इतक्यात नको; नर असलाच तर पिल्लं झाल्याच्या दिवशीही मादी पुन्हा गाभण राहू शकते.

आता खाणं. ‘सगळं खातो’ याचा अर्थ बहुतेक घरांत पाव, बिस्किट, भात आणि गाजर असा असतो. हे लगेच बंद न करता आठवड्याभरात कमी करत न्या. अचानक बदल पोटाला झेपत नाही. मुख्य अन्न सुकं गवत, दिवसरात्र समोर, स्वतःच्या अंगाएवढा ढीग. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला गवतच लागतं. टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, महाग पडतं, पण औषधापेक्षा स्वस्त. आपल्याकडचं भाताचं तण अंथरायला उत्तम, खायला निकस. दूर्वा मात्र पहिल्या नंबरचं खाणं: फवारणी नसलेल्या जागेच्या आणि कुत्री फिरत नाहीत अशा. चवथीला गणपतीसाठी निवडून उरलेल्या आमच्या बायच्या वाट्याला येतात आणि ती त्या टोकाकडून शेवयांसारख्या आत ओढते. शिवाय कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना, मूठभर. तांबडी भाजी (लाल माठ) एखाद्या वेळी, थोडी. पाल्यातल्या रंगामुळे सशाची लघवी नारिंगी-लालसर होते, तेव्हा रक्त समजून घाबरू नका. पण लघवीला बसून कण्हत असेल किंवा लाल रंग ठिपक्याठिपक्यांनी येत असेल तर दाखवा. गाजर म्हणजे त्याची मिठाई, नखाएवढं. कांदा, लसूण, कच्चं अळू नाही. गॅलरीत कण्हेर किंवा डिफेनबॅचिया असेल तर ती कुंडी शेजाऱ्यांना द्या.

डॉक्टरकडे पहिल्या दहा दिवसांत एकदा नेऊन आणा, आजारी नसला तरी. निघण्याआधी फोन करून ‘ससे बघता का’ हे विचारा, कारण कुत्र्या-मांजरांत मुरलेले सगळे डॉक्टर सशात मुरलेले नसतात. पणजीतल्या टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही चौकशी करता येईल. नर-मादी, दाढा (पुढचे दात तुम्हालाही दिसतील, दाढांसाठी उपकरण लागतं), कानात खपल्या, नखं आणि वजन एवढं बघून घ्या. पुढे घरी दर आठवड्याला टोपलीत बसवून वजन करा; दहावा भाग उतरला तर कारण शोधायचं. माझी एक कसोटी आहे: नसबंदीबद्दल विचारा. ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असं उत्तर आलं तर नम्रपणे दुसरा डॉक्टर शोधा. उलटी होत नसल्याने सशाला उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट उपास त्याच्या आतड्याला घातक. मादी असेल तर ऑपरेशन करून घ्याच, तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण मोठं आहे.

कानात खाज किंवा खपल्या दिसल्या तर दुकानातून परस्पर काही आणू नका. मला एका दुकानात कुत्र्यांचा गोचिडीचा स्प्रे ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून दिला होता. बाटलीवर बारीक अक्षरांत फिप्रोनिल लिहिलेलं होतं, आणि ते सशाला मारू शकतं. नशिबाने फवारण्याआधी डॉक्टरना फोटो पाठवला. तोंडाने द्यायच्या पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिनचंही तेच. घरातल्या मुलांचं उरलेलं औषध तर स्वप्नातही नको. अंघोळही नको.

पोर्तुगीज भाषेत सशाला कुएल्यो म्हणतात. गोव्यातलं कुएल्यो आडनाव तेच. पाळीव सशाचं मूळही तिकडचंच, स्पेन-पोर्तुगालच्या कोरड्या टेकड्यांतलं. नाव इथे रुळलं, प्राणी काही आपल्या उकाड्यात रुळला नाही. त्याला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी फरशीवर जागा द्या, बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. वीज गेली, तो आडवा पडून तोंड उघडून धापा टाकतोय, कान तापलेत, तर कानांना ओला हात फिरवत डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पावसाळ्याची गोष्ट वेगळीच. गवताला बुरशी धरते, वास कुबट आला की टाकून द्या. आणि शेपटीखाली रोज बघा. घाण चिकटलेली असली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात. हे मी लिहितेय इतकं शांतपणे बघवत नाही.

तुमचा पांढरा आहे म्हणजे रानातला नाही, हे बरं. तपकिरी, मानेमागे काळा पट्टा असलेलं पिल्लू कुणी ‘सोसो मेळ्ळो’ (ससा सापडला) म्हणून आणून दिलं तर तो रानससा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरी ठेवता येत नाही, वनखात्याला कळवायचं.

राहिला विश्वास. त्याला बाहेर ओढू नका, उचलू तर नकाच. उचलल्यावर मागच्या पायांनी झाडलेली लाथ त्याचाच कणा मोडू शकते. खोलीचा एक कोपरा त्याचा करा: दोन भोकांचं पुठ्ठ्याचं खोकं, गवत, जड वाटीत पाणी, त्याने लघवीला निवडलेल्या जागी ट्रे. चार्जरच्या वायरी वर बांधा. मग संध्याकाळी दिवेलागणीला, कारण तेव्हा तो जागा होतो, जमिनीवर पाठ करून बसा आणि तुमचं काहीतरी करा. मी तांदूळ निवडायचे. नवव्या दिवशी माझ्या पदराला काहीतरी लागलं. बघितलं तर बाय माझ्या गुडघ्यावर हनुवटी घासत होती. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, ‘हे माझं’ अशी ती खूण. मी हललेही नाही, नंतर अर्धा तास पाय बधिर. तुमच्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांपुढचे स्पीकर किंवा चवथीचे फटाके आले तर त्याला आतल्या खोलीत ठेवा; भीतीनेही ससे दगावतात.

तुमच्या मुलाने नाव सुचवा म्हटलंय. थांबा, आधी डॉक्टरने नर की मादी सांगू द्या. आमच्या घरात ती सासूबाईंसाठी बाय आहे, मुलीसाठी अजून बाबूच, आणि दवाखान्याच्या कार्डावर डॉक्टरांनी दोन्ही लिहून टाकलंय.