खोबरेल, जेली आणि मेडिकलमधून आलेली चुकीची ट्यूब

"मॅडम, माझ्यातच काही बिघडलंय का?" हे विचारायला मीनलने पाऊण तास घेतला (नाव-गाव सगळं बदललंय). त्याआधी बाळाची झोप, सासूबाईंचे गुडघे, ऑफिस परत कधी जॉईन करायचं, सगळं बोलून झालं, आणि मग एकदम म्हणाली की संबंधाच्या वेळी आग होते, खरचटल्यासारखं होतं, आणि यांना वाटतं माझं आता त्यांच्यात मनच नाहीये.

डिलिव्हरीला आठ महिने झालेले, बाळ अंगावर पिणारं, रात्री तीनदा उठणारं. मी विचारलं पाळी सुरू झाली का, तर नाही. निम्मं उत्तर तिथेच मिळालं. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन (बाईचं मुख्य हार्मोन) खाली गेलेलं, आणि योनीचा ओलावा, तिथली नाजूक त्वचा लवचिक राहणं हे सगळं इस्ट्रोजेनच्या जिवावर चालतं. म्हणजे पाळी जाताना जे होतं तेच थोडंफार तिला तिशीत होत होतं, फक्त तात्पुरतं. डिंकाचे लाडू किती खायचे हे सांगायला अख्खी बिल्डिंग येते, हे सांगायला कुणी आलं नव्हतं.

पुढच्या वेळी नवरोबा पण आले. उपाय त्यांनी आधीच शोधून ठेवला होता, खोबरेल तेल. "बाळाला पण तेच लावतो मॅडम, मग आपल्याला काय होणारे?" मी म्हटलं आणि कंडोम? तो पण वापरतो. मग दोघंही गप्प, कारण मागच्याच महिन्यात एक फाटला होता आणि तिने दुसऱ्या दिवशी गोळी घेतली होती (७२ तासांच्या आत घेतली ते बरं झालं). दोष त्यांनी कंडोमला दिला होता. खरं कारण ती निळी बाटली. साधे कंडोम लॅटेक्सचे असतात आणि तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, मग ते खोबरेल असो, व्हॅसलीन, बेबी ऑइल, तूप नाहीतर बॉडी लोशन. कंडोम वापरत नसाल तर खोबरेल काहींना चालून जातं, पण ज्यांना सारखं इन्फेक्शन होतं त्यांनी नाहीच वापरलेलं बरं. आणि हो, पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत हे सहा महिन्यांनंतर अजिबात धरून चालू नका.

मी सांगितलं, मेडिकलमधून वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट जेली आणा, म्हणजे तेलाऐवजी पाण्यावर बनवलेली, घर्षण कमी करणारी जेली. इथे चूक माझी झाली, चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं होतं. हा बिचारा गर्दीच्या वेळी काउंटरवर हळूच "जेली द्या" म्हणाला आणि त्यांनी लिग्नोकेनची ट्यूब कागदात गुंडाळून दिली. ती बधिर करायची जेली! दोघंही बधिर, हसावं की रडावं कळेना. हसण्याचा भाग सोडला तर ते धोक्याचं पण आहे, कारण दुखणं म्हणजे शरीर काहीतरी सांगतंय आणि बधिर केलं की आतली इजा कळतच नाही.

मग मी टेबलावरची वॉटर-बेस्ड जेलीची सॅम्पल बाटली काढली आणि दोघांच्या मनगटावर एकेक थेंब दिला, म्हटलं चोळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते चिकट व्हायला लागलं. मीनल लगेच म्हणाली, हे तर संपलं. संपलं नाही, पाणी उडालं फक्त. तिच्या ग्लासातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले तर परत गुळगुळीत. बेडशेजारी पाण्याचा ग्लास ठेवा, नाहीतर परत जेली लावा, त्यात लाजण्यासारखं काय आहे. सिलिकॉनचं ल्युब्रिकंट असं वाळत नाही, कंडोमला पण चालतं, पण चादरीवर डाग राहतो आणि सिलिकॉनच्या सेक्स टॉयला ते लावायचं नाही.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल खूप असेल तर ते पेशींमधलं पाणी ओढून घेतं, म्हणजे ओलावा द्यायला लावलं आणि उलटी आग. ऑस्मोलॅलिटी (जेलीत विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, mOsm/kg मध्ये) लिहिली असेल तर डब्ल्यूएचओने २०१२ मध्ये सांगितलंय की ती १२०० च्या वर नको, ३८० च्या खाली असली तर उत्तम, आणि योनीसाठी पीएच (आम्लतेचं माप) ४.५ च्या आसपास. स्ट्रॉबेरी फ्लेवर, गरम-थंड इफेक्ट वगैरे आग होणाऱ्या बाईने दूरच ठेवावं. थुंकी पण नको, लगेच वाळते. मूल हवं असणाऱ्यांनी वेगळं विचारा, कारण बऱ्याच जेलींमध्ये शुक्राणूंची हालचाल मंदावते.

नवरोबांचा खरा प्रश्न मात्र शेवटी आला. "म्हणजे तिला इच्छा असते, तरी कोरडं असू शकतं?" हो. भूक लागलेली असताना पण कधीकधी तोंडाला कोरड पडतेच की. हे ऐकून मीनल त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, त्यात आठ महिन्यांचं भांडण होतं.

टाक्यांच्या जागी एका ठिकाणी टोचतं असं ती म्हणाली म्हणून तिला गायनॅककडे पाठवलं, ते जेलीचं काम नव्हे. बाकी सांगितलं की घाई करू नका, दोघांनीही लावा, कंडोमच्या बाहेरून भरपूर, आणि आतून साबण किंवा व्हजायनल वॉश बंद.

महिन्याभराने तिचा फोन आला. आग नाहीये, आता सगळं ठीक आहे. मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, ओळखीतल्या एक आहेत, बावन्न वर्षांच्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालीत, त्यांना चालेल का हे?" मी ओळख विचारली नाही. म्हटलं जेली चालेल, शिवाय व्हजायनल मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो-नसो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर गायनॅक इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून देतात. पाळी गेल्यावर परत ब्लीडिंग झालं असेल तर मात्र आधी तपासणी.

"गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जातोच आहोत गुरुवारी," ती म्हणाली, "तिथूनच पुढे नेते त्यांना."