तीन मोटरचं मशीन आणि बी.कॉम.चा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम. आहे. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या इमारतीत दोन वर्षांपासून हाऊसकीपिंग सुपरवायझर आहे. आता नोकरी सोडून कार्पेट-सोफा क्लीनिंगचा स्वतःचा व्यवसाय करायचा म्हणतो आणि ह्यांच्या पीएफमधून दीड लाख मागतो. दुकानदाराने त्याला तीन मोटरचं, 3600 वॉटचं वेट-अँड-ड्राय, म्हणजे सुकी धूळ आणि पाणी दोन्ही ओढणारं व्हॅक्यूम मशीन दाखवलंय. ‘एकाच मशीनमध्ये सगळं होतं’ म्हणे. ह्यांचं म्हणणं, पदवी घेऊन लोकांचे गालिचे झाडायचे का? – एक आई, नाशिक

ताई,

ह्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण घरात तो सगळ्यात आधी निघाला असणार. म्हणून आधी तोच घेतो. अमेरिकेत ओहायो राज्यात, कँटन गावी, जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोट करायचा. धुळीने त्याचा दमा उसळायचा. त्याने पंख्याची मोटर, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र बनवलं. 1908 साली त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे त्यावरच हूवर कंपनी उभी राहिली. गालिचे झाडणाऱ्याला डोकं लागतं, एवढंच ह्यांना सांगा. पदवीचा उपयोगही आहेच. कोटेशन, जीएसटी, वार्षिक कंत्राटाचा हिशेब यात बी.कॉम. वाया जाणार नाही.

आता मशीन. ते घेऊ नका, निदान पहिलं म्हणून तरी नको.

स्वयंपाकघरात कणीक सांडली तर तुम्ही लगेच ओलं फडकं मारता का? मारलंत तर चिकट लगदा होतो आणि फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतो. आधी सुकं झाडून घ्यायचं, मग ओलं. कार्पेटचंही तसंच आहे. त्यातली बहुतांश घाण सुकी असते : बुटांबरोबर आलेली वाळू, धूळ, केस, कपड्यांचे तंतू. त्यावर थेट शाम्पू मारला की चिखल होतो, वरचं साफ दिसतं आणि खालचं वाळून तसंच राहतं. चार दिवसांत डाग वर येतात आणि ग्राहक म्हणतो, ‘तुमचं केमिकल हलकं होतं.’ केमिकलचा काही दोष नसतो, व्हॅक्यूम नीट मारलेला नसतो. 1972 साली स्थापन झालेल्या आयआयसीआरसी या अमेरिकी संस्थेच्या कार्पेट-सफाईच्या मानकातही सुकी घाण काढणं ही ओल्या कामाआधीची स्वतंत्र पायरी आहे. आपल्याकडे घाईत सगळ्यात आधी हीच गळते.

वेट-अँड-ड्राय मशीन पाणी ओढायला उत्तम. सोफ्याच्या फटी, खुर्च्या, जिने यांनाही चालतं. पण ते फक्त ओढतं, झटकत नाही. मुळाशी रुतलेली वाळू नुसत्या ओढीने सुटत नाही, तिला फिरता ब्रश लागतो. शिवाय साइटवर एक चूक नेहमीची : पाण्याच्या कामासाठी काढलेला सुका फिल्टर परत लावायचा राहतो आणि बारीक धूळ मागच्या बाजूने सगळ्या हॉलभर उडते. ऑफिसच्या काळ्या मॉनिटरवर ती लगेच दिसते.

आणि ते 3600 वॉट! वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं; किती धूळ काढतं, ते नव्हे. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूमवर 2014 साली 1600 आणि 2017 साली 900 वॉटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत. विचारायचं ते हवेचा प्रवाह किती आणि ओढ किती. दुसरी अडचण अगदी साधी आहे. 230 व्होल्टवर 3600 वॉट म्हणजे जवळजवळ 16 अँपिअर. ऑफिसच्या टेबलाजवळचा साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. मोटरींना वेगवेगळे खटके असतात म्हणा, पण तिन्ही लावल्या की एमसीबी पडणार आणि रात्री दोनला इलेक्ट्रिशियन शोधावा लागणार.

मग काय घ्यावं? तुमच्या मुलाला ज्या इमारती ओळखीच्या आहेत, तिथे बहुधा कार्पेट टाइल्स असतील, 50 बाय 50 सेंटिमीटरच्या, आखूड विणीच्या, नायलॉनच्या. त्यांना दोन मोटरचं अपराइट, म्हणजे उभ्या दांड्याचं, पुढे-मागे ढकलायचं व्हॅक्यूम मशीन शोभतं : एक मोटर ओढीला, दुसरी ब्रशला. ब्रश वेगळ्या मोटरवर असला की तो बंद करता येतो, आणि हे महत्त्वाचं आहे. एखाद्या घरी काश्मिरी किंवा भदोहीचा हातविणीचा गालिचा निघाला तर ब्रश बंद करूनच चालवायचा. झालरीवर तर फिरता ब्रश न्यायचाच नाही, दोरे गुंडाळून तोडतो. हॉटेलांत लोकर-नायलॉनच्या मिश्रणाचे, कापलेल्या तंतूंचे कार्पेट असतात. तिथे ब्रश चालतो, पण उंची जुळवून. पाठीवरचं मशीन थिएटरच्या रांगांत भराभर फिरतं, मात्र मुरलेल्या धुळीवर त्याचा भरवसा नाही. फिल्टर एच13 दर्जाचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा असेल तर चांगलं. बॅग दोन-तृतीयांश भरली की बदलायची, कंजूसपणा करायचा नाही. आणि ब्रश, पट्टा, बॅगा पुण्यात सहज मिळतात का, हे मशीन बघण्याआधी विचारायचं. परदेशातून आणलेलं जुनं मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर ते 110 व्होल्टचं नाही ना, ते पाहा.

माझा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात आहे. एका रात्री त्याच्या साइटवर गेलो होतो. त्याची माणसं दाराजवळच्या पट्ट्यावर इतकी सावकाश मशीन मागे ओढत होती की मलाच कंटाळा आला. म्हणाला, ‘सर, पुढे ढकलताना काही नाही, मागे ओढताना सावकाश यायचं. आणि आडवं झालं की उभं.’ निम्मी रात्र त्यांनी सुक्या कामातच घातली.

नोकरी लगेच सोडू नये. सहा महिने रात्रीच्या किंवा रविवारच्या कामावर एखाद्या चांगल्या कंत्राटदाराकडे जावं, ओल्या सफाईचं मशीन लागेल तेव्हा भाड्याने घ्यावं. पीएफला हात लावू नका. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50,000 पर्यंत आणि ‘किशोर’मध्ये 5 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. लहान धंद्यांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीला एक पैसा लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका.

आणि दुकानदाराकडे डेमो मागा, पण त्याच्या शोरूममध्ये नको. मुलाच्याच इमारतीत, प्रवेशद्वाराजवळच्या दहा चौरस मीटरवर, परवानगी काढून. आधी तीन मोटरचं मशीन नेहमीसारखं फिरवावं. मग त्याच जागेवर अपराइट, नवी बॅग घालून. ती बॅग आधी आणि नंतर तुमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. पहिल्या मशीनने काय मागे सोडलं ते ग्रॅममध्ये कळेल, आणि त्या वेळी ह्यांनाही शेजारी बसवा. आकडा मला जरूर कळवा.