रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंच

"पिशवीच काढून टाकली, मग आता दुखतंय ते काय?"

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन काही महिने, कधी काही वर्षं उलटलेली माणसं माझ्यासमोर, म्हणजे एका समुपदेशकासमोर, बसून हा प्रश्न विचारतात. तो विचारून झाला की बहुतेक जण जरा खालच्या आवाजात दुसरा विचारतात, "म्हणजे हे माझ्या मनाचेच खेळ आहेत का?" अलीकडे हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या अलीकडे, काम हिशेबाचं. पित्ताशयात खडे झाले होते, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, काही गुंतागुंत न होता घरी आल्या. सुरुवातीचे दोनेक महिने बरे गेले आणि मग उजव्या बरगडीखाली पुन्हा दुखू लागलं. कधी कळ, कधी जळजळ, कधी नुसताच जडपणा. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, शेवटी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. सगळं नॉर्मल. डॉक्टर बदलून झाले. शेवटच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं, आणि या पाठवण्याचाच बाईंना राग आलेला होता.

"मॅडम, आधीच सांगते, मला वेड लागलेलं नाही."

"मलाही तसं वाटत नाही. कुठं दुखतं ते सांगा."

त्यांनी तारखेवार लावलेली जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. मी ती उघडली नाही. पोटावर हात ठेवून दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवलं, आणि मग बोलता बोलता तीच जागा पुन्हा पुन्हा दाबून पाहत राहिल्या. दिवसभरात असं किती वेळा होत असेल याचा मला अंदाज आला. सतत दाबली जाणारी जागा दुखरी राहणारच.

इथे थोडं थांबून शरीराबद्दल बोलायला हवं. मनाकडे वळण्याआधी शरीराची नीट चौकशी झालेली असली पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. पित्ताशय हे फक्त साठवणीचं ठिकाण. पित्त तयार होतं यकृतात, रोज साधारण अर्धा ते एक लिटर, आणि पिशवी काढल्यावरही ते होतच राहतं. आता ते थेट आतड्यात उतरतं. काहींना त्यामुळे पातळ जुलाब होतात आणि त्यावर औषध आहे. पित्तनलिकेत एखादा खडा राहून गेलेला असू शकतो. पित्त गळणं किंवा नलिका अरुंद होणं हे क्वचित घडतं, पण घडतं. काही जणांत दुखण्याचं मूळ आधीपासूनच आम्लपित्त, जठराचा व्रण किंवा संवेदनशील आतडं हे असतं. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून दोष खड्यांवर गेलेला असतो. आणि कधी दुखणं पोटाच्या आत नसतंच, ऑपरेशनच्या छिद्राजवळ पोटाच्या भिंतीतली नस अडकलेली असते. रुग्णाला मान उचलायला सांगून, पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर तीच जागा दाबली आणि दुखणं वाढलं, तर डॉक्टरांना तशी शंका येते. ही साधी तपासणी कार्नेट नावाच्या सर्जननी १९२६ मध्येच सांगून ठेवली आहे. मोठ्या मशिनींच्या रांगेत ती राहून जाते.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौचाचा रंग मातकट होणं, न थांबणाऱ्या उलट्या, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तर समुपदेशकाकडे येऊ नका. डॉक्टरांकडे जा, आणि तेही लगेच.

या बाईंच्या बाबतीत ही सगळी चौकशी झाली होती. तरी पुढच्या तपासण्या त्यांनी ठरवून ठेवल्या होत्या. कुठेतरी वाचून आल्या होत्या की पित्तनलिकेच्या तोंडाशी एक स्नायू असतो, तो दुर्बिणीतून कापला की दुखणं जातं. मी त्यांना २०१४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. पित्ताशय काढल्यावरही दुखत असलेले, पण तपासण्यांत विशेष काही न सापडलेले २१४ रुग्ण. काहींचा तो स्नायू कापला, काहींचा कापल्यासारखं फक्त केलं. वर्षभरानं पाहिलं तर खरं कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना फायदा, आणि न कापलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना.

हिशेबाच्या माणसाला आकडे कळतात. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांचंही मानसिकच होतं?"

या एका शब्दाशी मला रोज झगडावं लागतं. मज्जासंस्था बराच काळ दुखण्याचे निरोप वाहत राहिली की ती हळवी होते, छोट्या निरोपालाही मोठं उत्तर देते. हे शरीरातच घडतं. भीती, झोपेचा अभाव, सततचं लक्ष यांनी ते वाढतं, म्हणून माझ्यासारखीला तिथे काम असतं. हे मी त्यांना समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या भेटीला फाईल पुन्हा घेऊन आल्या. समजावून सांगितल्यानं माणसं बदलत असती तर माझा व्यवसाय चालला नसता.

खरी गोष्ट घडली ती एमआरसीपीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा.

"रिपोर्ट आला त्या दिवशी मी रडले," त्या म्हणाल्या.

"सुटल्यासारखं वाटून?"

"नाही." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "वाटलं, काहीतरी निघायला हवं होतं. खडा तरी."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी धीराचा शब्द पुढे केला तर माणूस त्याच्या आड लपतं. थोड्या वेळानं विचारलं, "निघाला असता तर तो रिपोर्ट पहिल्यांदा कुणाला दाखवला असता?"

"ह्यांना. मग सासूबाईंना." मग बराच वेळ काही नाही. मग, "खरं म्हणजे मलाच. मलाच खात्री वाटत नाही हो, मला खरंच दुखतं की नाही याची."

इतके महिने त्या आजाराचा शोध घेत नव्हत्या, पुरावा गोळा करत होत्या. घरात खटला चालू होता आणि आरोपी त्या, वकील त्या, न्यायाधीशही त्याच. दर नॉर्मल रिपोर्ट म्हणजे विरोधात गेलेली साक्ष. म्हणून पुढची तपासणी हवी, म्हणून दिवसभर जागा दाबून पाहायची: आहे ना अजून? गेलं तर नाही? मधेच एखादा दिवस बरा गेला तर त्यांना आनंद होण्याऐवजी धाकधूक व्हायची, कारण बरा दिवस म्हणजे आपण ढोंग करत होतो असा अर्थ.

माझी घडण अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर झाली आहे. दुःखाच्या मुळाशी एखादा 'झालंच पाहिजे' दडलेला असतो, असं तो म्हणायचा. बहुतेक समुपदेशक अशा रुग्णांत 'दुखणं गेलंच पाहिजे' हा हट्ट शोधतात. तो असतोही. पण अनुभवानं मला कळलंय की त्याच्याखाली आणखी एक हट्ट असतो: 'माझ्या दुखण्याला कारण सापडलंच पाहिजे, नाहीतर ते खरं नाही.' वरचा हट्ट कितीही घासला तरी, खालचा हलत नाही तोवर काही उपयोग नसतो.

मी त्यांना आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनं २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येबद्दल सांगितलं. तिच्या टिपांमध्ये म्हटलंय की एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असं सांगते तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला जावा. तिथे रिपोर्टची अट घातलेली नाही.

"असं लिहिलंय?" त्यांनी दोनदा विचारलं. मग पर्समधून कागद काढून ते उतरवून घेतलं.

यानंतरचं काम कष्टाचं होतं, पण आता ते होऊ शकत होतं. जागा दाबून बघायची नाही, हात गेला की मांडीवर आणायचा. बऱ्या दिवशी सगळी साठलेली कामं उपसायची आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, ही सवय मोडायला वेळ लागला. चालणं घड्याळानं ठरवलं, दुखण्यानं नाही: बरं असो वा नसो, आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढ. झोपेची वेळ बांधून घेतली. वेदनेचे दहापैकी गुण लिहिण्याची वही बंद केली आणि त्या दिवशी काय काय केलं एवढंच लिहायला सांगितलं. ज्यांचं दुखणं असं रेंगाळलंय त्यांनी यातलं एकच काही करायचं ठरवलं, तर हे वहीचं करा.

यजमानांना एकदा बोलावलं. भला माणूस. "मी तर हिला दर तासाला विचारतो, आता कसं वाटतंय म्हणून!" त्यांना म्हटलं, तेवढं सोडा. दर तासाला विचारलं की दर तासाला तपासून उत्तर द्यावं लागतं. दुसरं काहीही विचारा. आणि त्या दुखतंय म्हणाल्या तर 'रिपोर्ट तर चांगले आहेत' असं म्हणू नका. 'बरं' म्हणा आणि जवळ बसा.

दुखणं गेलं का? कमी झालं, गेलं नाही. अधूनमधून उसळतं. अशा दिवसासाठी त्यांनी स्वतःच ठरवून ठेवलंय: त्या दिवशीची कामं निम्मी करायची, शून्य नाही. शेकायचं, डॉक्टरांनी दिलेली ठरलेली गोळी, आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणं एकदा, फक्त एकदा, तपासायची. डॉक्टर आता एकच आहेत. त्यांच्याकडे त्या तीन महिन्यांनी जातात, दुखत असलं तरी आणि नसलं तरी.