‘प्रोटॉन म्हणजे कृष्णविवर’ वाचताना

प्रोटॉन हे इवलंसं कृष्णविवर आहे, म्हणून गुरुत्व आणि अणुकेंद्राला बांधून ठेवणारं तीव्र बल एकच, हा या लेखातला दावा तपासावासा वाटला, हे फार चांगलं. सूत्रांत लगेच शिरू नका, आधी आकडे बघा. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर (१ फेम्टोमीटर = १०⁻¹⁵ मीटर). तेवढ्या आकाराच्या कृष्णविवराला वस्तुमान लागेल साधारण ५७ हजार कोटी किलो! प्रोटॉनचं मोजलेलं वस्तुमान १.६७ × १०⁻²⁷ किलो. ही तफावत लेखक कशी मिटवतो, तेच नीट वाचा.

मग विचारा:

- इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, म्हणजे गुरुत्व जाणवतं; तरी तीव्र बल त्याला जाणवत नाही. का?
- मोजता येईल असं नवं भाकीत कोणतं?

नवखे हमखास फसतात ते जुळलेल्या आकड्याला. स्थिरांक हवे तसे गुणले-भागले की काहीतरी जुळतंच. तो पुरावा नव्हे. क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, म्हणजे तीव्र बलाचा प्रस्थापित सिद्धांत, सध्या राहू द्या.