बारा मिनिटं पळण्याआधी

भाऊ, भरतीचे १६०० मीटर मारायचेत म्हणून रोज तेवढंच अंतर जीव तोडून पळतोस, तिथेच चुकतंय. आधी दम किती आहे ते मोज. अमेरिकन डॉक्टर केनेथ कूपरची १९६८ची चाचणी सोपी आहे: १२ मिनिटांत जमेल तेवढं पळायचं. मीटरमधून ५०४.९ वजा कर, ४४.७३ ने भाग. २४०० मीटरला साधारण ४२ येतात. म्हणजे शरीर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त तेवढे मिलीलिटर ऑक्सिजन वापरतं. अंदाजच हा, खरं माप प्रयोगशाळेत, तोंडावर मास्क लावून.

मे महिन्यात जळगावात सकाळी सहाच्या आत उरक. मी एकदा नऊला पळालो, दोनशे मीटर कमी भरले नि उगाच खट्टू झालो. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, घाम जातो, त्याच वेगाला नाडी जास्त पडते.

थांबल्या थांबल्या मनगटावर दोन बोटं ठेव. अंगठा नको, त्याचीच नाडी लागते. १५ सेकंद मोज, चारने गुण; मिनिटभराने पुन्हा. किती उतरली ते वहीत लिही. छातीत दुखलं, भोवळ आली तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव, वही राहू दे.