इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा आणि अर्धवट राहिलेला सेटअप टाइमचा प्रोजेक्ट

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीच्या मशीनशॉपमधली इंटर्नशिप येत्या शनिवारी संपते. व्हीएमसीचा (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सेटअप टाइम कमी करण्याचा प्रोजेक्ट आहे, पण दोनच सेटअपची रीडिंग हाती आहेत. रिपोर्टचं पानही लिहिलेलं नाही आणि शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे. सुरुवात कुठून करायची?

सर्टिफिकेटपासून. सोमवारी सकाळीच एचआरला मजकूर टाइप करून द्या: मार्कशीटवर आहे तसंच नाव, कॉलेज, विभाग, प्रोजेक्टचा विषय आणि दोन्ही तारखा. सही करणारे साहेब शनिवारी बाहेरगावी असले, तर पुढे कितीतरी खेटे घालावे लागतात. कॉलेजच्या हजेरीपत्रकावर गाइडची सहीही तेव्हाच घ्या. दिवस मोजताना एक लक्षात ठेवा: भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमच्याकडेही तसंच असेल तर मशीनजवळ उभं राहायला बुधवारपर्यंतच वेळ आहे. गुरुवार रिपोर्टसाठी ठेवा.

आता रीडिंग. तीन दिवसांत दहा सेटअप बघायला मिळणार नाहीत, त्यामुळे आकडा फुगवायच्या नादाला लागू नका. आणखी एक-दोन सेटअप बघा, पण सुट्या कामांत फोडून बघा. सेटअप टाइम म्हणजे जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला पीस मिळेपर्यंतचा वेळ. इथेच बहुतेकांची चूक होते. सायकल स्टार्टचं बटण दाबलं की स्टॉपवॉच बंद करतात, आणि फर्स्ट पीस क्वालिटीत (तपासणी विभागात) पडून राहिला तो वेळ मोजणीतून गळतो. चहाची सुट्टी किंवा शिफ्टबदल मध्ये आला तर तो वेगळा लिहा. मोबाइलवर शूटिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. नाही मिळाली तर कागद, पेन आणि घड्याळ पुरेसं आहे.

उदाहरणादाखल एक सेटअप धरू. जुनं फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) उतरवणं 9 मिनिटं, टेबल साफ करणं 6, नवं फिक्स्चर ठेवून डायल लावणं (डायल गेजने ते सरळ बसलंय का बघणं) 18, टूल जोडून मॅगझिनमध्ये (मशीनच्या टूल ठेवायच्या कप्प्यात) भरणं 14, ऑफसेट घेणं (टूल आणि जॉबची जागा मोजून मशीनला देणं) 8, फर्स्ट पीस काढणं 7, क्वालिटीकडून ओके मिळणं 16. एकूण 78 मिनिटं. आता प्रत्येक कामापुढे विचारा, यासाठी मशीन थांबलेलं असायलाच हवं का? टूल होल्डरमध्ये कोलेट (कटर पकडणारी चिरलेली बाही) आणि कटर बसवणं आधीचा जॉब चालू असतानाच होऊ शकतं. मग मशीन थांबल्यावर फक्त भरायचं काम उरतं, समजा 4 मिनिटं. इन्स्पेक्टरला दहा मिनिटं आधी निरोप गेला, तर 16 ची 8 होतील. फिक्स्चरच्या तळाला टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये (टी आकाराच्या खाचेत) घट्ट बसणाऱ्या 'की' (छोटे धातूचे ठोकळे) असतील, तर दर वेळी डायलने सरळ करत बसावं लागत नाही, नुसती खात्री करावी लागते. 18 ची 6 धरली, तर एकूण बचत 30 मिनिटं.

पण या तिन्ही बचती सारख्या नाहीत. टूल आधी जोडणं आणि इन्स्पेक्टरला निरोप देणं तुम्ही बुधवारपर्यंत करून बघू शकता. त्या 'की' बसवायला फिक्स्चर टूलरूममध्ये न्यावं लागेल, ते या आठवड्यात होणार नाही. म्हणून रिपोर्टमध्ये 'करून पाहिलं' आणि 'सुचवलं' असे दोन वेगळे रकाने ठेवा. सगळं मिळून '30 मिनिटं वाचवली' असं लिहिलंत, तर सेटरच (मशीनचं सेटअप करणारा कामगार) समोर बसून विचारेल, कधी वाचवली? आणि हा प्रश्न रास्त असेल.

रुपयांतला हिशोबही जपून करा. रोज 2 सेटअप आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर 30 मिनिटांप्रमाणे 25 तास होतात. मशीनचा ताशी दर कॉस्टिंगवाल्यांकडून घ्या, नेटवरचा घेऊ नका. तो दर लावण्याआधी मशीनला तेवढं काम आहे का, हे प्लॅनिंगला विचारा. ऑर्डरच नसेल तर वाचलेल्या तासांचे पैसे होत नाहीत.

रिपोर्टमध्ये ग्राहकाचं ड्रॉइंग जसंच्या तसं चिकटवू नका. पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव काढून हाताने स्केच करा आणि गाइडना दाखवा. बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट बंद असतात, त्यामुळे फाइल बाहेर कशी न्यायची हे बुधवारीच विचारून ठेवा. प्रेझेंटेशनला सात-आठ स्लाइड पुरतात. वेळेचा तक्ता मात्र शुक्रवारी सकाळी सेटरला दाखवूनच आत जा. चुकलेलं मिनिट तो लगेच पकडतो.

शनिवारी व्हर्निअर, सेफ्टी शूज, ओळखपत्र परत करून स्टोअरची सही घ्या. निघण्याआधी मशीनजवळ एक पान लावून जा, मराठीत, मोठ्या अक्षरांत: या जॉबला कोणती टूल, किती टी-बोल्ट, कोणत्या मापाची ॲलन की, आणि जुन्या जॉबचे किती पीस उरले की इन्स्पेक्टरला सांगायचं. प्लास्टिकच्या पाकिटात घालून लावा, नाहीतर कूलंटने दोन दिवसांत शाई पसरेल.